पडद्यामागील गांव
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत, सायंकाळच्या नाट्यप्रयोगापूर्वीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें "नाटक" या विषयावर आम्हीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हां आम्ही थोडे गोंधळलों. आम्ही नट नव्हे. गळा आम्हांस नाहीं, आणि आमचें पाठांतर इतकें कच्चें कीं, एकदां दोन वाक्यांच्या द्वारपालाच्या भूमिकेंतूनहि आम्हांस सन्मानपूर्वक मुक्त करण्यांत आलें. परंतु या धर्मग्रामांतील नाटकांचा पडदा आम्ही आज २२ वर्षें ओढीत आहों. त्यामुळें नाटकाची जी बाजू तुम्हांस दिसत नाहीं, ती आम्हांस दिसते. आज तिच्याविषयींच बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एके वर्षीं उपवासकाळांतील प्रभूच्या दुःखसहनाच्या नाटकांत दोरी कप्पीवरून घसरली आणि पडदा अर्ध्यावर अडकला. कबरेसाठीं उभारलेल्या पुठ्ठ्याच्या खडकाआड दोन रोमन शिपाई सोडावॉटर पीत बसलेले साऱ्या प्रेक्षकांनीं पाहिले. दुसऱ्या दिवशीं मिस्सा आटोपतांच जो तो विचारूं लागला, "काल पडद्यावर कोण होता?" या २२ वर्षांत लोकांनीं आमची चौकशी केली ती त्या एकाच दिवशीं. याबद्दल आमची तक्रार नाहीं. पडदा नीट उघडला म्हणजे ओढणारा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, हीच त्या कामाची पावती होय.

तक्रार निराळी आहे. आजच्या प्रयोगासाठीं समितीनें देवळाच्या दाराशीं दोन कागद लाविले होते. भूमिका करूं इच्छिणारांनीं एकावर नांवें लिहावयाचीं, व मागील कामें करूं इच्छिणारांनीं दुसऱ्यावर. पहिल्यावर ३७ नांवें आलीं. दुसऱ्यावर ३ आलीं. त्यांपैकीं एक आमचें, दुसरें आमच्या कुटुंबाचें, व तिसरें आमच्या मेहुण्याचें. आणि तें त्याच्या बहिणीनें त्याला न विचारतां लिहिलें होतें. अध्यक्ष महाराजांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें आहे कीं, असेंच चाललें तर पुढील उपवासकाळांतील नाटक बंद ठेवावें लागेल. म्हणून आज आम्ही तुम्हांस एका अशा गांवाची हकीकत सांगणार आहों, कीं ज्यानें जवळजवळ चारशें वर्षें एकच नाटक चालविलें आहे.

जर्मनी देशाच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत, आमेर नदीच्या कांठीं ओबरामरगाऊ नांवाचें गांव आहे. नांवाच्या शेवटीं "गाऊ" ऐकून आमच्या एका मित्रास तें आपल्या "गांव" शब्दाचें भावंडच वाटलें. तसें नाहीं, त्या भाषेंत त्याचा अर्थ प्रांतभूमि असा होतो. वस्ती सुमारें पांच हजार. लांकडांत मूर्ति कोरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, घरांच्या भिंतींवर धर्मप्रसंगांचीं चित्रें रंगविलेलीं, आणि गांवाच्या डोक्यावर कोफेल नांवाचा उघडा सुळका व त्याच्या माथ्यावर क्रूस.

१६१८ पासून ३० वर्षें जर्मनींत जें युद्ध चाललें, त्याच्या पाठोपाठ मरी आली. गांवानें वेशीवर पहारे बसविले. परंपरा अशी सांगते कीं, कास्पार शिस्लर नांवाचा एक मजूर शेजारच्या एशेनलोहे गांवीं कामास होता; देवळाचा सण बायकामुलांत साजरा करावा या ओढीनें तो पहारा चुकवून घरीं आला, व त्याच्या संगतीं मरीहि आली. ८० हून अधिक माणसें दगावलीं. १६३३ सालीं गांवानें नवस केला कीं, दर दहा वर्षांनीं आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचें नाटक करूं. त्यानंतर त्या गांवांत मरीनें एकहि बळी घेतला नाहीं, असें सांगतात. १६३४ च्या पेन्टेकॉस्त सणास पहिला खेळ झाला. तो कोठें झाला? दफनभूमींत, मरीनें नेलेल्या माणसांच्या ताज्या कबरांवर फळ्या टाकून.

येथें क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. ज्यानें त्या फळ्या ठोकल्या, त्याच्या पायाखालीं त्याच्याच आप्तांची माती असली पाहिजे. लहानशा गांवांत दुसरें काय असणार? रंगभूमीचा पहिला मानकरी आम्ही त्यालाच समजतों. शिवाय नवस केला तो साऱ्या गांवानें. राजा कोण होईल व खुंटी कोण ठोकील, असा भेद त्या नवसांत नव्हता. १६८० पासून प्रत्येक दशकाच्या आरंभवर्षीं खेळ करण्याचा क्रम ठरला, आणि १८३० सालीं रंगभूमि दफनभूमींतून निघून आज जेथें नाट्यगृह आहे त्या माळावर गेली.

आतां त्यांची रीत ऐका. नाटकांत भाग घेण्याचा हक्क कोणास? जो त्या गांवीं जन्मला, किंवा ज्यानें तेथें २० वर्षें घर केलें, त्यास. बाहेरगांवाहून आणलेला नामांकित नट तेथें चालत नाहीं. कोणास कोणती भूमिका मिळाली, तीं नांवें नाट्यगृहापुढें काळ्या फळ्यावर खडूनें लिहिलीं जातात; सारें गांव खालीं उभें राहून एकेक अक्षर उमटतांना पाहतें. पुढें, खेळाच्या आदल्या वर्षीं राखेच्या बुधवारीं गांवांत एक फर्मान लागतें: आजपासून पुरुषांनीं, स्त्रियांनीं व मुलांनीं केंस कापावयाचे नाहींत, आणि पुरुषांनीं दाढीहि राखावयाची. तेथें टोप नाहीं, खोटी दाढी नाहीं, तोंडास रंग नाहीं. रोमन शिपायांस तेवढी सूट, कारण ते बोडके व तुळतुळीत असावयाचे. बाकी दीड वर्ष टपाल वांटणारा, दांतांचा वैद्य, शाळामास्तर, सुतार, सारे जटाधारी होऊन आपापल्या कामावर हिंडतात. १८७० सालीं फ्रान्सशीं युद्ध पेटलें व खेळ मध्येंच थांबला. प्रभूची भूमिका करणारा योसेफ मायर यास सैन्यांत बोलावणें आलें, तेव्हां त्यास केंस राखण्याची मुभा देण्यांत आली. पुढील वर्षीं तो परत येऊन त्याच केंसांनिशीं क्रूसाखालीं उभा राहिला.

२०२२ सालच्या खेळांत सुमारें १८०० गांवकरी होते. म्हणजे दर तीन माणसांत एक! सर्वच कांहीं बोलणारे नव्हेत. मुख्य भूमिकांस दोन दोन नट असतात, कारण मे महिन्यापासून ऑक्टोबरापर्यंत शंभरावर खेळ करणें एका माणसाच्या आवांक्यांतलें नाहीं. बाकीच्यांत जमाव आला, गायकवृंद आला, वादक आले. आणि त्यांच्याहि मागें शिंपी, चांभार, सुतार, रंगारी, दिव्यांवरचे लोक, आगीचा बंब घेऊन बसणारे, जागा दाखविणारे, आणि गाढव, घोडे, मेंढरें व कबुतरें सांभाळणारे. गाढवाचा मानकरी तर विशेष होय. यरुशलेमांतील प्रवेशाच्या वेळीं गाढव जर अडून बसलें, तर आठशें माणसांचा "होसान्ना" फुकट जावयाचा. आमच्या मतें त्या गाढवाची लगाम धरणारास नाटकाच्या नायकाइतकाच घाम फुटत असला पाहिजे.

नाट्यगृह सुमारें साडेचार हजार प्रेक्षकांचें. प्रेक्षकांवर १९०० सालापासून लोखंडी कमानींचें छप्पर आहे. रंगभूमि मात्र पुढें आभाळाखालीं मोकळी, आणि तिच्यामागें खरे डोंगर. पूर्वीं पाऊस आला कीं जमाव भिजे, पाहुणा कोरडा बसे. ही रंगभूमि १८९० सालीं म्युनिक शहराच्या राजनाट्यगृहांतील यंत्रकुशल कार्ल लाउटेन्‌श्लेगर यानें नव्यानें रचून दिली होती. पुढें त्याच गृहस्थानें फिरत्या रंगभूमीची युक्ति युरोपांत आणिली. १९३० सालीं गांवच्याच लांग घराण्यांतील माणसांनीं तिचें रूप पुन्हां पालटलें. खेळ सुमारें पांच तासांचा. मध्यें तीन तासांची भोजनाची सुटी असते, आणि साडेचार हजार पाहुण्यांस जेवूं घालण्याचें कामहि त्याच गांवावर पडतें. प्रयोगाचा हा भाग कोणत्याहि जाहिरातींत येत नाहीं; परंतु आमच्या बायकामंडळानें गेल्या तीन दिवसांत जे पातेल्यांचे डोंगर घांसले आहेत, ते पाहून आम्हांस त्याची थोडी कल्पना आली आहे.

नाटकांत मधून मधून "सजीव देखावे" असतात. पडदा उघडतो तों जुन्या करारांतील एखादा प्रसंग डोळ्यांपुढें उभा, पन्नास-साठ माणसें व मुलें, आणि त्यांत एकाचीहि पापणी लवत नाहीं. गायक गातात, देखावा तसाच दगडासारखा निश्चल. पडदा मिटतो. ज्यास आपल्या शाळेंतील मुलांस एक मिनिटभर स्वस्थ बसवितां येत नाहीं, त्यानें या देखाव्यामागील तालमींचा विचार करावा. पडदा ओढणारांचा तर आम्ही पुष्कळ विचार करितों. एक पळ आधीं उघडला तर कोणीतरी हात सांवरीत असतो, एक पळ उशिरां मिटला तर एखादें पोर शिंकतें.

आणि क्रूस. प्रभूची भूमिका करणारा सुमारें वीस मिनिटें क्रूसावर असतो. त्याच्या अंगावर दिसेल न दिसेल असा, डोंगर चढणारे वापरतात तसा पट्टा आंवळलेला असतो व सारा भार त्यावर पडतो. तो पट्टा बांधणारे, खिळ्याचा घाव खरा वाटावा पण बोटास लागूं नये असा ठोकणारे, आणि तो जड क्रूस डगमगूं न देतां उभा करणारे, हे बहुधा शिपायांच्या वेषांत प्रेक्षकांपुढेंच असतात. प्रेक्षक त्यांचा तिरस्कार करितो. आणि त्याच वेळीं क्रूसावरील मनुष्याचा जीव त्यांच्या हातांत असतो. नाटकाच्या धंद्यांत यापेक्षां निःस्वार्थी काम आम्हांस माहीत नाहीं.

लिहिणारेहि पडद्यामागचेच. एट्टाल येथील मठाचे बेनेदिक्ती साधु फेर्डिनांड रोस्नर यांनीं १७५० सालीं तें नाटक छंदोबद्ध केलें. पुढें राज्यकर्त्यांनीं अशा नाटकांवर बंदी घातली, सवलती दिल्या, पुन्हां अडविलें. शेवटीं त्याच मठांतील ओथमार वाइस यांनीं १८११ सालीं साधें गद्य लिहिलें, आणि मागाहून गांवचे धर्मगुरु डाइसेनबेर्गर यांनीं तें सुधारलें. संगीत रचलें रोखुस डेडलर या गांवच्या शाळामास्तरानें. १८२० सालीं त्यानें त्यास जें रूप दिलें, तेंच थोड्याफार फेरफारानें आजहि वाजतें. दोन वर्षांनीं तो वारला. एका खेड्यांतील मास्तराचें संगीत दोन शतकें जगाच्या चारी कोपऱ्यांतून आलेले लोक ऐकत आहेत. १९३० सालीं त्या प्रेक्षकांत आपले कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर होते. त्या दर्शनानें ते इतके हेलावले कीं, त्यांनीं लगेच "द चाइल्ड" हें काव्य लिहिलें, आणि तें बंगालींत नव्हे, तर प्रथम इंग्रजींतच.

एवढें ऐकून तुम्ही म्हणाल कीं, तें गांव म्हणजे देवदूतांची वस्ती दिसते. बंधुभगिनींनो, तसें मुळींच नाहीं. भूमिकांवरून तेथें जे रुसवेफुगवे होतात, त्यांपुढें आपले ३७ जण कांहींच नव्हेत. कित्येक वर्षें असा नियम होता कीं, विवाहित स्त्री, किंवा ३५ वर्षें उलटलेली स्त्री, रंगभूमीवर येऊं शकत नाहीं. तिनें घरीं शिवावें, रांधावें, पाहुण्यांचीं अंथरुणें घालावीं. मागचीं कामें करावयास ती चालत होती. पुढें यावयास नाहीं. अखेर कांहीं स्त्रिया न्यायालयांत गेल्या, आणि १९९० च्या खेळापासून तो नियम सुटला. आम्हांस हें सांगणें प्राप्त आहे, कारण मागील कामाची थोरवी गाणारे आमच्यासारखे लोक कधीं कधीं ती थोरवी दुसऱ्याच्याच गळ्यांत बांधतात. मागें राहणें हें ज्यानें त्यानें आपण होऊन पतकरावें. दुसऱ्यास मागें ढकलण्यास तें निमित्त होऊं नये.

याहून मोठा दोष खुद्द नाटकांतच होता. पिढ्यान्‌पिढ्या त्या रंगभूमीवर यहुदी लोक म्हणजे जणूं एक दुष्ट जात, अशा रीतीनें दाखविले जात. जमावाच्या तोंडीं, तो दोष स्वतःवर व आपल्या लेकरांवर ओढवून घेणारा उद्गार मोठ्या आवेशानें घातला जाई. याजकांच्या डोक्यावर शिंगांसारखीं टोंकें असलेलीं शिरोभूषणें असत; म्हणजे शिंप्याची सुई देखील त्या पापांत सामील होती. १९३४ सालीं पहिल्या खेळाच्या तीनशेंव्या वर्षाचा खास खेळ झाला, त्यास हिटलर येऊन गेला, आणि पुढें ज्याच्या हुकुमानें लक्षावधि यहुदी मारले गेले त्याच मनुष्यानें या नाटकाची यहुदीद्वेषासाठींच वाखाणणी केली. नवस देवाला, आणि टाळी त्याची! १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें स्पष्ट सांगितलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट साऱ्या यहुदी लोकांवर घालतां येत नाहीं. तरीहि गांव हटून बसलें, आणि १९७० च्या खेळावर अमेरिकेंतील यहुदी संस्थांनीं बहिष्कार पुकारला.

हा दोष ज्यांनीं काढिला, तेहि पडद्यामागचेच लोक. १९९० च्या खेळासाठीं गांवच्या पंचायतीनें क्रिस्तियान श्ट्युकल या तरुणास दिग्दर्शक निवडलें. खाणावळवाल्याचा मुलगा, लांकूड कोरण्याचें शिक्षण घेतलेला, वय अवघें पंचविशीच्या आसपास. गांवांत केवढी धुसफूस झाली असेल! पण तो व त्याचे सोबती वाक्यामागून वाक्य चाळीत गेले. शिंगांचीं शिरोभूषणें गेलीं. २००० सालच्या खेळांतून तो शापाचा उद्गार गेला. शेवटच्या भोजनाच्या मेजावर यहुदी सात वातींची समई आली. याजकांतहि येशूची बाजू घेणारे आहेत हें दिसूं लागलें. आणि २०१० सालीं येशूच्या तोंडून व साऱ्या जमावाकडून इस्राएलाची प्राचीन प्रार्थना हिब्रू भाषेंत म्हणविली गेली. मुख्य नटांस तालमीपूर्वीं इस्राएल देशांत नेतात व मारल्या गेलेल्या यहुद्यांच्या स्मारकापुढें उभें करितात. पुढें प्रॉटेस्टंट गांवकऱ्यांसहि मोठ्या भूमिका मिळूं लागल्या, आणि २०२२ सालीं यूदासाची भूमिका करणारा एक तरुण तुर्की घराण्यांतील मुसलमान होता.

हें आम्ही इतक्या विस्तारानें सांगतों, कारण तें केवळ जर्मनीचें प्रकरण नाहीं. आपल्या या कोंकणकिनाऱ्यावर शतकानुशतकें बेने इस्राएल राहिले. घाण्यावर तेल काढीत, शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून गांव त्यांना शनिवार-तेली म्हणे. घरांत तुमच्या आमच्यासारखी मराठीच बोलत. पुष्कळजण पुढें इस्राएल देशीं गेले, तरी कांहीं घरें अजून येथें आहेत. आमच्या दुःखसहनाच्या नाटकाचें जुनें हस्तलिखित आम्हीं गेल्या वर्षीं पेटींतून काढून वाचलें, तेव्हां त्यांतहि जमावाच्या तोंडीं तोच उद्गार आढळला. २२ वर्षें आम्ही विंगेंत दोरी धरून तो ऐकत होतों, व आमच्या कानांस तो कधीं खटकला नव्हता. आम्हीं गुरुवर्यांच्या संमतीनें त्यावर काट मारली. पुठ्ठ्याच्या याजकांच्या टोप्याहि पाहिल्या. त्या आमच्याच हातच्या होत्या, आणि त्यांनाहि टोंकें होतीं. तीं कापून टाकलीं.

आतां शेवटची हकीकत. २०२० सालच्या खेळाची सारी सिद्धता झाली होती. केंस खांद्यांपर्यंत आले होते, वस्त्रें शिवून टांगलीं होतीं, तिकिटें विकलीं गेलीं होतीं. मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें खेळ दोन वर्षें पुढें ढकलावा लागला. मरीसाठीं बोललेला नवस मरीनेंच अडविला! न्हाव्याकडे रांग लागली. वर्षभराची दाढी एका दुपारीं जमिनीवर पडली. वस्त्रें पेट्यांत गेलीं, नेपथ्य झांकून ठेवलें. आणि २०२१ च्या राखेच्या बुधवारीं फर्मान पुन्हां लागलें, गांवानें केंस पुन्हां वाढविण्यास आरंभ केला. १४ मे २०२२ रोजीं पडदा उघडला व २ ऑक्टोबरपर्यंत चार लक्षांहून अधिक लोकांनीं तो खेळ पाहिला. पुढील नवसाचें वर्ष २०३० हें होय.

आमचा वेळ संपला आहे; मागून मेहुणे खूण करीत आहेत कीं तिसरी घंटा द्यावयाची आहे. (त्यांनीं रागावणें सोडलें, याबद्दल आम्ही जाहीरपणें त्यांचे आभार मानितों.) एक सूचना सांगून आम्ही दोरीकडे जातों. उद्यां सकाळच्या मिस्सेनंतर रंगभूमि उतरवावयाची आहे. वासे जड आहेत. निदान आठ जण पाहिजेत. पुढील नाटकाच्या मागील कामांचा कागद देवळाच्या दारावरून काढून आम्हीं या मांडवाच्या डाव्या खांबास, पाण्याच्या माठाजवळ लाविला आहे, व त्यास दोऱ्यानें पेन्सिल बांधली आहे. दिवे, पोशाख, मेंढरें व प्रॉम्प्टर यांच्या जागा मोकळ्या आहेत. पडद्याच्या ओळींतहि आम्हीं आपलें नांव या खेपेस लिहिलेलें नाहीं. आमचा उजवा खांदा आतां वर जात नाहीं, आणि कप्पी कोठें अडकते, हें कोणास तरी एकदां हातांत दोरी देऊन दाखवावयाचें आहे.